वरातीत खुनाची चाल नको

जळगाव, ९ मार्च १९६६

चि. उखर्डू यास कुंदाअक्काचे आशीर्वाद.

तुझं कार्ड शाळेच्या पत्त्यावर आलं. ते आधी पोस्टमनने वाचलं, मग शिपायाने वाचलं, मग मोठ्या बाईंनी वाचून माझ्या हातात दिलं. "काय हो, वरातीत खुनाची चाल म्हणजे काय?" असं आज तीन शिक्षिकांनी मला मधल्या सुट्टीत विचारलं. भावा, सरकारने लिफाफा नावाची एक वस्तू काढली आहे. लग्नाचा मध्यस्थ झाला आहेस, तर ती वापरायला शीक.

आता मुद्द्यावर येते. प्रमिलाचं स्थळ तू आणलंस. मुलगा चांगला, जळगावच्या बँकेत नोकरी, वडील वनाआप्पा अत्तरदे, मूळचे रावेरचे, धुळ्यात केळीची वखार, माणूस तोंडाने कडक पण मनाने साफ, हे सगळं तूच सांगितलंस. मी मान्य केलं. मानपानाचं त्यांनी म्हटलं तसं, मुहूर्त त्यांनी म्हटला तो, आखाजीच्या सणानंतरचा. वडिलांवाचून वाढलेली माझी मुलगी, तिने आजवर कशालाही नाही म्हटलं नाही. तिची इच्छा एकच. वर मांडवाशी येईल तेव्हा हिलाल मास्तरांच्या बँडने 'गोदी नंबर नौ' या सिनेमातली ती तुतारीची चाल वाजवावी. बँड आमच्याकडचा, मांडव आमचा. तर व्याही म्हणतात, खुनाची चाल नको!

कसला खून? जानेवारीत साखरपुड्यानंतर मी, प्रमिला आणि डिगंबर तिघांनी मिळून तो सिनेमा इथे पाहिला. मी मधल्या खुर्चीत बसले होते, एवढी रूढी मी पाळते. तो तुकडा वाजला तेव्हा दोघंही श्वास रोखून बसले होते. बाहेर आल्यावर डिगंबरच म्हणाला, "आई, आमच्या लग्नात हेच वाजवायचं." त्याने म्हटलं, तिने नव्हे! रेकॉर्डच्या दुकानात विचारलं, तर तबकडीवर सहा गाणी आहेत आणि ही चाल नाही, कारण तिला शब्द नाहीत. रेडिओला फर्माइश कळवावी, तर गाण्याचे बोल काय लिहायचे? म्हणून बिचारे हिलाल मास्तर सिनेमा इथे असेतोवर पुन्हा पुन्हा जाऊन ती चाल कानात भरून घेऊन आले.

वनाआप्पांना नीट विचार आणि मला नीट कळव. लिफाफ्यातून.

कुंदाअक्का


धुळे, १४ मार्च १९६६

ती. कुंदाअक्का, शिरसाष्टांग नमस्कार.

लिफाफा पाठवत आहे. आता तरी राग आवर.

अक्का, मी थिएटरचा मॅनेजर आहे, वकील नाही. सकाळी तिकिटाच्या खिडकीवर भांडणं सोडवायची, दुपारी वनाआप्पांच्या वखारीत जाऊन बोलणी खायची आणि संध्याकाळी तुझी पत्रं वाचायची. प्रमिलाला स्थळ सुचवलं त्या दिवशी माझी जीभ का झडली नाही, असं तुझी भावजय विचारते.

झालं ते असं. डिगंबरने घरी लिहिलं की वरातीत अमुक सिनेमातली चाल वाजवायची तिकडच्या लोकांची इच्छा आहे. तिकडच्या, असंच लिहिलंय, मी वाचलंय. आप्पांनी बारा वर्षांत सिनेमा पाहिला नव्हता. योगायोगाने तो तेव्हा माझ्याकडेच लागला होता. म्हणाले, बघू तरी सून काय वाजवायला लावते. मी पास दिला. माझंच चुकलं.

सिनेमात काय होतं तुला माहीत आहे. गोदीवरचा म्हातारा वखारवाला. धोतर, काळी टोपी, थेट आपले वनाआप्पा! काळा रेनकोट घातलेला माणूस जिना चढतो, तुतारी सुरू होते, आणि म्हातारा संपतो. आप्पा मध्यंतरात उठून माझ्या खोलीत आले.

"काहो मॅनेजर, ह्या पोरीले मले मारायचं हाये का?"

मी म्हटलं, "आप्पा, सिनेमा आहे तो."

"सिनेमा हाये ते मले समजते. वखारवाला मरते ते बी समजते. आन् तेच माह्या पोराच्या वरातीत वाजवा म्हणते! उद्या माह्या जेवणाच्या ताटाजवळ बी वाजवसान."

सगळी वखार आता त्यांना चिडवते. हमाल तोंडाने तुतारी काढतात. तू सांग, मी काय करू? अक्का, सोडून दे. चांगल्या गाण्याची चाल घे. मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, ज्याला बोल नाहीत ते लोकांना नकोच असतं. गाणं नाही, मारामारी नाही, बोलणं नाही, अशी मुकी जागा आली की लोक विडी प्यायला उठतात, खुर्च्या वाजवतात. मी तर अशा जागा ठेवतच नाही. म्हणून माझं थिएटर चालतं.

आप्पांच्या घरच्या काकूंचं म्हणजे सुगंधाबाईंचं यात काही म्हणणं नाही. त्या म्हणतात, मुलगी चांगली आहे, काय वाजवायचं ते वाजवा.

तुझा,
उखर्डू


जळगाव, १७ मार्च १९६६

चि. उखर्डू यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोन तास वर्गात शिकवू शकले नाही. ज्याला बोल नाहीत ते लोकांना नको असतं, असं तू लिहितोस? मग आपल्या बापाच्या लग्नात सनई वाजली तिला कोणते बोल होते? पहाटे वासरू हंबरतं त्याला कोणते बोल असतात? तुझ्या थिएटरात लोक विडी प्यायला उठतात, कारण तुझ्या खुर्च्यांत ढेकूण आहेत!

ही चाल ज्या जॅझमधली, त्यावर मी गेल्या वर्षी वाचनालयात बोलले होते, तेव्हा एक शास्त्रीबुवा उठून म्हणाले, बाई, हे जॅझ म्हणजे गोऱ्यांच्या दारूच्या दुकानातला गोंगाट. मी त्यांना तिथेच विचारलं आणि तुलाही विचारते, हे कुणाचं आहे ते माहीत आहे का? अमेरिकेत ज्यांना बाजारात गुरांसारखं विकलं, ज्यांची भाषा काढून घेतली, नाव काढून घेतलं, ढोल वाजवायचीसुद्धा बंदी केली, त्या काळ्या माणसांच्या नातवंडांचं ते आहे. गोऱ्या पलटणी गेल्या, त्यांची जुनी पितळी वाद्यं मागे राहिली, ती त्यांनी उचलली आणि त्यांतून स्वतःचं दुःख आणि स्वतःची मस्ती फुंकली. आणि हिलाल मास्तरांच्या आजोबांनी काय केलं? इंग्रजी पलटणीची टाकलेली पितळी वाद्यं घेतली आणि त्यांवर आपली लग्नं वाजवली. उखर्डू, हे जॅझ आणि नशिराबादच्या रस्त्यावरची वरात ही सख्खी चुलत भावंडं आहेत. मुंबईच्या हॉटेलांत वाजवणाऱ्या गोव्याच्या माणसांनी ते उचलून सिनेमात आणलं, एवढंच. मी मुंबईला बी. टी. करत होते तेव्हा त्यांना हॉटेलच्या मागच्या दारी उभी राहून ऐकलं आहे. एकदा वाजवलेलं ते दुसऱ्यांदा तसंच वाजवत नसत. म्हणून ते शिळं होत नाही. गाण्याचे बोल सहा महिन्यांत गुळगुळीत होतात, ही चाल मात्र ज्याने ऐकली त्याच्याजवळ राहते, कारण तिच्यात काय भरायचं ते ऐकणाऱ्यावर सोडलेलं असतं.

हे भाषण वखारीत वाचून दाखवू नकोस. तिथे फक्त एवढंच विचार, तुम्ही डब्याचा प्रसंग पाहिला नाही का? ती चाल खुन्याची नाहीच मुळी! ती त्या जोडप्याची आहे. आणि मरताना त्या म्हाताऱ्याला ते जोडपं आठवतं, म्हणून ती पुन्हा वाजते. पाचवीतल्या मुलीला कळेल ते आप्पांना कळू नये?

आणखी एक. मला बँडची एवढी काळजी नाही. ज्या मुलाने आधी स्वतः ती चाल मागितली, तोच बापापुढे "तिकडच्या लोकांची इच्छा" असं लिहून मोकळा होतो. आज चालीचं खापर तिच्यावर, उद्या भाजीतल्या मिठाचं, परवा नातवंडाच्या आजाराचं. प्रमिला मला म्हणते, "आई, जाऊ दे, नको वाजवायला." ज्या आवाजात ती हे म्हणाली तो आवाज मी ओळखते. आपल्या घरातल्या सगळ्या बायका त्याच आवाजात जन्मभर बोलल्या. तो आवाज घेऊन माझी मुलगी सासरी जाणार असेल तर मी हे लग्न मोडीन. हे मी रागात लिहीत नाही. पुन्हा वाचून पाठवत आहे.

कुंदाअक्का


धुळे, २२ मार्च १९६६

ती. कुंदाअक्का, नमस्कार.

लग्न मोडीन हे तू लिहिलंस आणि ते मी वाचलं, इतकंच. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तूही कुणाला सांगू नकोस. आपल्या समाजात असा शब्द एकदा तोंडातून निघाला की तो यावलपासून भुसावळपर्यंत जेवायला जातो.

तू म्हणतेस तो डब्याचा प्रसंग कोणता? आप्पांना विचारलं. ते म्हणाले, सिनेमात डबाबिबा काही नव्हता, बाई मास्तरीण आहेत, त्यांनी मनातला धडा जोडला असेल. मीही तो सिनेमा इथे रोज पाहिला. जोडपं आहे खरं, क्रेनवर काम करणारा आणि त्याची बायको, पण ती दोघं उगाच इकडे तिकडे फिरतात. त्यांचा आणि म्हाताऱ्याचा काही संबंध नाही. तुझा दुसऱ्या कुठल्या सिनेमाशी घोटाळा होत असेल.

आप्पांचं शेवटचं म्हणणं कळवतो. ती चाल वाजली तर ते घोड्यामागे चालणार नाहीत. नवऱ्या मुलाचा बाप वरातीत नाही, म्हणजे काय ते तूच समज. काल तर रागाने म्हणाले, "मंग आमाले दुसरी पोरगी बघू द्या." काकूंनी पदराआडून म्हटलं, "तुमाले बघायची की पोराले?" त्यावर ते केळीच्या घडांवर ओरडत आत गेले.

डिगंबरला मी जळगावला लिहिलं आहे. उत्तर नाही.

उखर्डू


जळगाव, २४ मार्च १९६६

उखर्डू,

मायना लिहीत नाही.

तुझं १४ तारखेचं पत्र पुन्हा काढलं. "मी तर अशा जागा ठेवतच नाही." ठेवत नाहीस म्हणजे काय करतोस?

इथे आम्ही पाहिला त्यात क्रेनवाला आणि त्याची बायको दुपारी गोदीच्या भिंतीवर बसून डबा खातात. कुणी बोलत नाही. लांब एका बोटीवर कुणी खलाशी तुतारी वाजवतो. वरच्या खिडकीतून तो म्हातारा वखारवाला त्यांच्याकडे रोज बघतो आणि स्वतःशी हसतो. डबा संपल्यावर ती केळं सोलते, मोडून अर्धं नवऱ्याला देते. सिनेमाचा जीव त्यातच आहे. तो काढला तर उरतो काय? जिना, रेनकोट आणि तुतारी. मग कुणालाही खुनाचीच चाल वाटेल.

जळगावचीच ती फिल्म तुझ्याकडे धुळ्याला गेली. आमच्याकडे डबा होता, तुझ्याकडे नव्हता. मधे फक्त तू आहेस.

तू कात्री लावलीस. माझ्या मुलीच्या लग्नाला तू कात्री लावलीस.

तुकडा कुठे आहे?

कुंदा


धुळे, २९ मार्च १९६६

ती. कुंदाअक्का, शिरसाष्टांग नमस्कार.

मीच एकटा कापतो असं समजू नकोस. सगळे कापतात. जाहिरातीच्या पाट्या दाखवायच्या, मग खेळ लांबतो, मग लोकांची शेवटची एस. टी. चुकते आणि ते माझ्या नावाने खडे फोडतात. आमचा ऑपरेटर पुना म्हणाला, "भाऊ, त्याम्हा काय शे? ना गाणं, ना मारामारी. बठ्ठं कापी टाकू?" मी म्हटलं, काप सगळं. एका केळ्यावर कुणाचं लग्न अडून बसेल हे मला काय स्वप्न पडलं होतं?

तुकडा आहे. पुना असे तुकडे फेकत नाही, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. पण फिल्म पुढे शिरपूरला गेली. आता तूच सांग, आप्पांना जाऊन म्हणू का की आप्पा, तुम्ही रागावलात ते खरं, पण चूक सुनेची नाही, माझ्या कात्रीची आहे? ते मला केळीच्या भट्टीत घालून पिकवतील. शिवाय मालकांना कळलं तर नोकरी जाईल. अक्का, काहीतरी दुसरं काढ. तू एवढी भाषणं देणारी, तू येऊन बोल ना त्यांच्याशी.

उखर्डू


जळगाव, १ एप्रिल १९६६

चि. उखर्डू यास आशीर्वाद. (प्रमिलाने लिहायला लावलं.)

मी येऊन बोलणार नाही. बोलून जे पटतं ते दुसऱ्या बोलण्याने उडतं. तू शिरपूरला जा, डब्याच्या प्रसंगाचं आणि खुनाचं अशी दोन रिळं एका सकाळपुरती मागून आण, तुकडा होता तिथे जोड आणि आप्पांना, काकूंना दाखव. तेवढंच दाखव. वर एक शब्द बोलू नकोस. तुझी नोकरी जाते की राहते ते मी मागाहून बघेन.

डिगंबर परवा आला होता. मी त्याला चहा दिला, मग म्हटलं, "तुम्ही घरी पत्र लिहिलंत त्यात 'तिकडचे लोक' म्हणजे कोण? नावं सांगा." त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "आई, आप्पांसमोर माझं तोंड उघडत नाही. मी बँकेत मॅनेजरशी भांडतो, पण त्यांच्यापुढे..." मी म्हटलं, तुतारी वाजवायला तोंड उघडावं लागत नाही, पण छातीत हवा लागते. ती नसेल तर मांडवातही उभे राहू नका. प्रमिला आतून हे ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "आई, तू थांब." मग त्याला म्हणाली, "चाल नको असेल तर मला चालेल. पण 'मला हवी होती' असं तुम्हीच त्यांना सांगायचं. वाजवायचं की नाही ते मागून."

उखर्डू, माझ्या मुलीचा तो नवा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मला वाटतं माझ्या तीस वर्षांच्या भाषणांपेक्षा तो बरा आहे. डिगंबर रविवारी धुळ्याला येतो आहे. त्याच्या येण्याआधी फिल्म आणून ठेव.

कुंदाअक्का


धुळे, १२ एप्रिल १९६६

ती. कुंदाअक्का, शिरसाष्टांग नमस्कार.

झालं. पण कसं झालं ते नीट सांगतो, नाहीतर तू पुन्हा माझी पत्रं काढून बसशील.

शिरपूरचा मॅनेजर रिळं देईना. त्याला म्हटलं, घरात लग्न आहे. तो म्हणाला, लग्नाला सिनेमाची रिळं लागतात हे आजच ऐकतो. शेवटी माझं घड्याळ त्याच्याकडे ठेवून एस. टी.च्या टपावर रिळं आणली. पुनाने तुकडा जोडला.

सकाळी डिगंबर वडिलांना घेऊन आला. येण्याआधी त्याने वखारीतच सांगून टाकलं होतं, सगळ्या हमालांसमोर, "आप्पा, ती चाल मी मागितली. तिने नाही." आप्पा त्याच्याशी तेव्हापासून बोलत नव्हते. मला म्हणाले, "हा बोलायले शिकला, आता बापाले शिकवते." काकू सोबत होत्या. एवढ्या मोठ्या थिएटरात आम्ही चौघं आणि वर पुना.

मुकी जागा सुरू झाली. अक्का, मला खरं म्हणजे विडीची सवय, पण मी उठलो नाही. जोडपं भिंतीवर बसलं. डबा उघडला. लांबून तुतारी आली. तुझा तो खलाशी घाई करत नाही, मधेच थांबतो, वाटतं संपलं, मग पुन्हा उचलतो. म्हातारा खिडकीत आला. बायकोने केळं सोललं.

आप्पा एकदम मोठ्याने म्हणाले, "केळं वसईचं हाये. आपल्याकडचं नाही."

 मग काकू अंधारात म्हणाल्या, "रावेरच्या ठेसनावर तुमी गाडीच्या डब्यात माल भरत होते तवा मी भाकर घेऊन येत होती. तवा तुमी बी असंच मोडून देत होते. मोठं अर्धं मात्र तुमीच खायचे."

"तवा तू मागितलं नाही."

"मागून घेतलेलं मोठं नसते."

मी हसू दाबलं. नंतर दुसरं रीळ लागलं. रेनकोट, जिना, सगळं तसंच. पण तुतारी सुरू झाली तेव्हा पडद्यावरचा म्हातारा खिडकीकडे तोंड वळवतो, हे मी रोज पाहूनही पाहिलं नव्हतं. खाली भिंत रिकामी असते. आप्पांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

दिवे लागल्यावर मी तुझ्या हुकमाप्रमाणे एक शब्द बोललो नाही. आप्पा उठले. डिगंबरकडे बघून म्हणाले, "वाजवा. पण घोड्याच्या कानाशी नको, घोडं बिथरते." दारात गेल्यावर मला विचारलं, "मी पाह्यला तवा हे कुठी होतं?" मी म्हटलं, तेव्हा आप्पा, मशीन बिघडलं होतं. ते म्हणाले, "मशीन नाही बिघडलं. मी बी घडातली बारकी केळी काढून टाकतो. पण सगळा घडच बारका हाये असं गिऱ्हाइकाले सांगत नाही."

त्यांना कळलं आहे, अक्का. मालकांना सांगणार नाहीत असं दिसतं.

तुझा,
उखर्डू


जळगाव, ८ मे १९६६

चि. उखर्डू यास अनेक आशीर्वाद.

तू लग्नात होतास, तेव्हा नव्याने काय सांगू? पण तू जेवणाच्या पंक्तीत अडकला होतास म्हणून लिहिते. हिलाल मास्तरांनी ती चाल वाजवली आणि खाली ढोल घातला! मी एवढी संतापले की मांडव सोडून रस्त्यावर गेले. त्यांना म्हटलं, मास्तर, ही गोदीची चाल आहे, तमाशाची नाही. ते म्हणाले, "बाई, तुतारी एकटी वाजली तर लोकांना वाटतं कुणी गेलं. ढोल लागतोच." आणि तुतारीवाल्याने मधे स्वतःचंच काहीतरी घातलं, लांबवलं, वळवलं. घरी येऊन चिडत बसले होते. मग आठवलं, मुंबईच्या हॉटेलच्या मागच्या दारी मी हेच ऐकायला उभी राहत असे. तेव्हा जीभ चावली.

आप्पांनी पुन्हा वाजवायला लावलं. घोडं बिथरलं. तुझ्या थिएटरच्या खुर्च्यांतले ढेकूण मात्र काढ.

कुंदाअक्का


धुळे, ३ ऑक्टोबर १९७७

ती. कुंदाअक्का, शिरसाष्टांग नमस्कार.

पुष्कळ दिवसांनी लिहितो. सुगंधाकाकूंच्या दहाव्याला भेटलो तेव्हा बोलणं झालं नाही. आप्पा डिगंबरकडे जळगावात रुळले का? कानाने काहीच ऐकू येत नाही म्हणतात, खरं का?

आज लिहायचं कारण, मी वैतागलो आहे. ती तुझी चाल! या धुळ्यात आता एक बँड असा नाही जो ती वाजवत नाही. लग्न असो, शाळेची मिरवणूक असो, निवडून आलेल्याची असो. सिनेमाचं नाव कुणाला माहीत नाही, तो सिनेमा आता कुठे लागतही नाही. मी म्हणालो होतो बोल नसलेलं टिकत नाही. त्यातली बोलवाली सहा गाणी कुणाला आठवतात, विचार. मलाही आठवत नाहीत, आणि मी ती रोज ऐकली होती.

पण हद्द पुढेच आहे. गेल्या महिन्यात एक विद्वान टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरत होते. त्यांनी बँडवाल्यांकडून ती चाल टेप केली आणि वर्तमानपत्रात छापलं की ही खानदेशातली फार जुनी, आखाजीच्या सणाला वाजणारी पारंपरिक चाल आहे! कात्रण सोबत आहे. म्हटलं तू हे वाचून पेटशील, म्हणून आधी बसून घे.

दुसरं. थिएटरची दुरुस्ती निघाली आहे. पुनाचा बिस्किटाचा डबा सापडला. त्यात तो तुकडा आहे. रिळं शिरपूरला परत देताना पुनाने सवयीने पुन्हा कापून ठेवला होता आणि मी बघितलं नाही. म्हणजे शिरपूरच्या लोकांनी शेवटपर्यंत खुनाचीच चाल ऐकली. रजिस्टर्ड पार्सलने पाठवत आहे. शिव्या दे, पण पोचल्याचं कळव.

उखर्डू


जळगाव, १९ ऑक्टोबर १९७७

चि. उखर्डू यास आशीर्वाद.

पार्सल पोचलं. शिव्या वेगळ्या लिफाफ्यातून देईन.

कात्रण वाचून मी खरोखरच पेटले. संपादकाला चार पानी पत्र लिहिलं, गोव्याचे वादक, मुंबईची हॉटेलं, काळ्या माणसांची पितळी वाद्यं, सगळं मांडलं. मग काल हिलाल मास्तर भेटले. त्यांना कात्रण दाखवलं. ते म्हणाले, "बाई, नातू विचारतो ही चाल कुणाची, मी म्हणतो आपली. खोटं बोलतो का?" ते पत्र टेबलावर पडून आहे. पाठवेन, कारण ज्यांनी ती फुंकली त्यांची नावं सिनेमाच्या सुरुवातीच्या नामावलीतसुद्धा नव्हती, आणि विद्वानांनी ती आणखी एकदा पुसावीत हे मला चालणार नाही. पण 'आपली नाही' हे वाक्य मी त्यातून काढलं आहे. बघ, मलाही कापता येतं.

आप्पांचं विचारलंस. काकू गेल्यापासून त्यांनी सगळ्यांचा जीव नकोसा केला आहे. ऐकू काही येत नाही, मग स्वतः ओरडतात, मग विचारतात, तुम्ही सगळे गप्प का? प्रमिलाच त्यांच्याशी भांडू शकते. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून भांडते आणि ते वाचून ओरडतात. घरातला तेवढाच जिवंत भाग.

तो तुकडा घेऊन मी रविवारी तिकडे गेले. ते अंगणात खाटेवर बसले होते. तुकडा त्यांच्या हातात दिला, उन्हाकडे धरून दाखवला. बराच वेळ काही कळलं नाही. मग त्यांना भिंत दिसली, डबा दिसला. चित्रांच्या कडेला एक बारीक पांढरी रेघ जाते, करवतीच्या दात्यांसारखी, कुठे रुंद, कुठे नुसता केस. मी पाटीवर लिहिलं, "हा आवाज आहे. तुतारी." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मास्तरीण पुन्हा धडा जोडते आहे.

पण मग त्यांनी अंगठा त्या रेघेवर ठेवला आणि हळूहळू खाली सरकवायला लागले. जिथे रेघ बारीक होते तिथे अंगठा थांबला. मग पुन्हा चालला. त्यांचा पाय जमिनीवर पडायला लागला, उखर्डू, आणि तो बरोबर पडत होता. मी आणि प्रमिला दोघी बघत होतो. डिगंबर आतून आला आणि दारातच उभा राहिला.

शेवटाशी ती केळं मोडते ते चित्र आलं. आप्पा थांबले. तुकडा डोळ्याजवळ नेला. बहिरा माणूस बोलतो तसं मोठ्याने, गल्लीत ऐकू जाईल असं ओरडले, "मोठं अर्धं तिले ठेव म्हणा त्याले!"

तुकडा त्यांच्याकडेच ठेवला आहे.

तुझी,
कुंदाअक्का